जळके दाणे, खांबांचे खड्डे: इनामगावचं जुनं गाव कळलं कसं?

दर दोन-चार महिन्यांनी पेपरात एखादी बातमी येतेच. घराचा पाया खणताना खापरं निघाली, टेकाडावर जुन्या विटा दिसल्या, तज्ज्ञांच्या मते इथे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची वस्ती होती. मग चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एकाला सगळं लगेच पटतं आणि तो गावाचं नाव थेट रामायणात नेऊन ठेवतो. दुसरा विचारतो, ‘खापरावर काय तारीख लिहिलेली असते का?’

दुसऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर राजधानी, किल्ला किंवा लेणी घेऊन चालणार नाही, कारण तिथे शिलालेख, नाणी, राजाचं नाव असं काही ना काही हाताशी असतं. उत्तर द्यायला एखादं साधं, शेतकऱ्यांचं, अक्षर न लिहिणारं गाव हवं. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव नेमकं तसं आहे.

कुठलं हे गाव?

शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर. घोड पुढे भीमेला मिळते. आजच्या इनामगावपासून थोडं दूर नदीकाठी पांढरट मातीची टेकाडं आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. हसमुख धीरजलाल सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर ही त्यातली प्रमुख नावं. पाच हेक्टरांच्या आसपास पसरलेल्या या वस्तीत शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले.

हा काळ ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे माणूस तांबं वापरू लागला होता, पण लोखंड अजून यायचं होतं आणि दगडाची हत्यारं सुटली नव्हती तो काळ. तांबं महाग आणि दुर्मीळ. त्यामुळे कापायला, सोलायला रोजच्या वापरात गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक, ब्लेडसारखी पातीच असत.

वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदती होती. अभ्यासक तिचे तीन टप्पे करतात: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), आद्य जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). पुरातत्त्वात ज्या जागी एखाद्या धाटणीची भांडी पहिल्यांदा ओळखली जातात, त्या जागेचं नाव पुढे सगळ्या संस्कृतीला चिकटतं. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं होतं. इनामगावच्या त्या लोकांनी जोर्वे हे नाव कधी ऐकलंही नसेल.

खणायचं कुठे, हे कसं ठरतं?

शेतकऱ्याला काळी आणि पांढरी यांतला फरक सांगावा लागत नाही. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुली पेटल्या, शेण-माती सारवली गेली, कुडाच्या भिंती पडून पुन्हा उभ्या राहिल्या, की राख, चुना आणि कुजलेला कचरा मिसळून माती फिकट होते आणि जागा हळूहळू उंचावते. नदीकाठच्या काळ्या रानात असं पांढरं टेकाड उठून दिसतं. पावसाळ्यानंतर त्यावर खापरं उघडी पडतात. पुरातत्त्वाचे लोक त्याच खुणेवर जागा हेरतात.

दुर्दैवाने हीच माती खताला चांगली, धाब्याच्या घरावर टाकायला चांगली. महाराष्ट्रातली कितीतरी टेकाडं अशी बैलगाडीने आणि पुढे ट्रॅक्टरने शेतात पसरली गेली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. ती माती म्हणजे काय, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

थर म्हणजे काय?

घरातली वर्तमानपत्रांची रद्दी डोळ्यांसमोर आणा. रोजचा पेपर वर पडत जातो, म्हणजे सगळ्यात जुना तळाशी. मधल्या कुठल्याही अंकावर तारीख नसती, तरी कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे सांगता आलं असतं. मातीचे थरही असेच एकावर एक बसतात. आता समजा, कोणीतरी त्या गठ्ठ्यात हात घालून कालचं बिल तळाशी सरकवलं. बिल तळाशी सापडलं म्हणून ते जुनं ठरत नाही. गावातही असंच होतं: नंतरच्या माणसाने धान्य साठवायला पेव खणलं, उंदरानं बीळ केलं, झाडाची मुळं गेली, की वरची वस्तू खाली जाते.

म्हणून उत्खननात सगळ्यात जास्त वेळ वस्तू काढण्यात जात नाही, थर ओळखण्यात जातो. खड्ड्याची उभी बाजू साफ तासायची, तिच्यावर हलकं पाणी मारायचं आणि ओल्या मातीच्या रंगातला फरक बघायचा. खड्ड्याच्या कडेची रेघ कोणत्या थरातून सुरू होते ते कळलं, की तो खड्डा कोणत्या पिढीने खणला ते कळतं. बघणाऱ्याला हे काम अतिशय कंटाळवाणं वाटतं. पण ही पायरी चुकली तर पुढची महागडी यंत्रंही चुकीच्याच वस्तूचं अचूक वय सांगतात.

मग ‘इ.स.पू. १४००’ हा आकडा कुठून आला?

थरांवरून आधी-नंतर कळतं, साल कळत नाही. साल सांगतो कोळसा.

झाड, गवत, धान्य जिवंत असताना हवेतला कार्बन घेत असतं. त्यात कार्बन-१४ नावाचा एक किरणोत्सारी प्रकार अगदी अल्प प्रमाणात असतो. जीव गेला की नवा कार्बन येणं थांबतं आणि असलेला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने घटत जातो. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी जळालेल्या दाण्यात मूळ कार्बन-१४ पैकी साधारण दोन तृतीयांश उरलेला असतो. ते मोजलं की वय निघतं. ही पद्धत १९४९ मध्ये विलर्ड लिबी यांनी सिद्ध केली आणि तिच्यासाठी त्यांना १९६० चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा उभी राहिली आणि पुढे ती अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली.

इथे शंका येते ती अशी: वेगवेगळ्या ठिकाणी एकाच जागेची वेगवेगळी सालं छापलेली दिसतात, मग विश्वास कशावर ठेवायचा? हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. झाडांच्या खोडातल्या वर्षवलयांवरून ते दुरुस्त करता येतं. त्यामुळे जुन्या लेखनातली दुरुस्तीआधीची सालं आणि आजची सालं यांत शे-दीडशे वर्षांचा किंवा त्याहून जास्त फरक पडतो. शिवाय नमुना कशाचा, हेही महत्त्वाचं. घराच्या मेढीचं लाकूड शंभर वर्षांच्या झाडाचं असू शकतं, मग वय फुगतं. जवाचा दाणा मात्र एका हंगामाचा. म्हणून मूठभर जळक्या दाण्यांचा भाव जाणकारांच्या लेखी फार वर असतो.

मातीचं घर इतकी वर्षं टिकतं होय?

नाही टिकत. टिकते ती त्याची जागा.

लाकडी खांब कुजतो, पण तो रोवायला केलेला खड्डा हळूहळू वेगळ्या मातीने भरतो. वरून तासत गेलं की जमिनीवर गडद, गोल डाग दिसू लागतात. एक डाग काहीच सांगत नाही. पण असे डाग एका रांगेत आले, काटकोनात वळले, त्यांच्या आत चोपून घट्ट केलेली जमीन मिळाली आणि बाहेर ती सैल झाली, तर घराचा नकाशाच हाती लागतो. कुडाच्या भिंतीला आग लागली असेल तर आणखी बरं: लिंपलेली माती भाजून पक्की होते आणि तिच्या आतल्या अंगाला कारव्या-बांबूचे ठसे जसेच्या तसे राहतात.

आद्य जोर्वे काळातली इनामगावची घरं आयताकृती आणि ऐसपैस होती. ती साधारण ओळीने बांधलेली, मध्ये बोळ सोडलेले. आत चूल, धान्याच्या कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे, काही ठिकाणी चुन्याने लिंपलेली पेवं. वस्तीच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरं असावीत असं तिथल्या भट्ट्या, हत्यारं आणि अर्धवट वस्तूंवरून दिसतं. उत्तर जोर्वेत चित्र पालटतं. मोठी आयताकृती घरं कमी होतात, त्यांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. घर लहान झालं हे अनुमान नाही, ते मोजता येतं. ते का झालं, हा वेगळा प्रश्न; तो पुढे येईल.

खात काय होते?

उत्खननातली माती पाण्यात सोडली की जळके दाणे हलके असल्यामुळे वर तरंगतात. गाळून, वाळवून ते भिंगाखाली बघायचे. गंमत अशी की जे नीट शिजलं आणि खाल्लं गेलं ते गेलंच. आपल्यापर्यंत पोचला तो स्वयंपाकात करपलेला किंवा आगीत सापडलेला दाणा. इनामगावात जव, गहू, तांदूळ, डाळी, वाटाणा, तीळ मिळाले. बोरं, जांभळं, आवळे, खजूरही होते.

हाडं वेगळी वेचली जातात. गाय-बैल, म्हैस, शेळ्या-मेंढ्या, कुत्रा यांच्याबरोबर चितळ, सांबर, काळवीट, ससा आहे, आणि नदीकडून मासे, कासव, खेकडे. हाडावर कापल्याच्या खुणा असल्या तर ते खाल्लं गेलं, असं म्हणता येतं. ज्यांना आपले पूर्वज शुद्ध शाकाहारी हवे आहेत त्यांनी ही यादी घाईने वाचू नये, आणि ज्यांना उलट काही सिद्ध करायचं आहे त्यांनीही तिच्यावर फार उड्या मारू नयेत. नदीकाठचा शेतकरी मिळेल ते खात होता, एवढाच तिचा अर्थ.

घराच्या जमिनीखाली

इनामगावातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट घरातच मिळाली. लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवत. मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि खड्डा बहुधा घराच्याच जमिनीत, माणसांच्या पायाखाली. सोबत कधी एखादा वाडगा, कधी लांब तोटीचं भांडं. सापडलेल्या दफनांत मुलांचंच प्रमाण मोठं आहे. त्या काळात बालमृत्यू किती होते हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं निजवत, डोकं उत्तरेला. आणि त्यांच्या पायाचे पंजे घोट्याखालून तोडलेले असत. एखाद-दुसऱ्याचे तसे असते तर अपघात म्हटलं असतं. पण ही रीतच होती. का? मेलेल्याने उठून चालत परत येऊ नये म्हणून, असं स्पष्टीकरण दिलं जातं. ते पटण्यासारखं आहे, पण इथे आपण पुराव्याच्या काठावरून अंदाजाच्या पाण्यात उतरलो, हे ध्यानात ठेवायला हवं. पंजे तोडले हे हाड सांगतं. कशाच्या भीतीने किंवा कोणत्या श्रद्धेने, हे हाड सांगू शकत नाही.

एका आद्य जोर्वे घराच्या जमिनीखाली मातीची एक लांबट गोल पेटी मिळाली, झाकणासकट. आत स्त्रीची एक न भाजलेली, बिनडोक्याची मूर्ती आणि एक बैल. पेटीवर स्त्रीची आणखी एक मूर्ती, तिला मात्र डोकं होतं. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. दोन्हींतून काडी घातली की ती मूर्ती बैलावर नीट बसते! करणाऱ्याच्या मनात ती दोघं जोडीने होती, हे त्या दोन भोकांनी पक्कं केलं. ती देवी होती, सुफलतेची होती, नंतरच्या काळातल्या शिर नसलेल्या देवींशी तिचं नातं आहे, ही विधानं क्रमाक्रमाने सैल होत जातात.

तो मोठ्या घरातला माणूस पाटील होता का?

वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक घर मिळालं. शेजारी धान्यकोठार. अंगणात चार पायांचा, पोट फुगलेला एक मातीचा रांजण पुरलेला आणि त्यात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. त्याचे पंजे तोडलेले नव्हते. एवढ्यावरून हा गावचा मुख्य असावा, धान्याचा वाटा त्याच्याकडे जमा होत असावा आणि ते मुख्यपण घराण्यात चालत असावं, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं.

यावर साधा आक्षेप असा: धान्यकोठार शेजारी आहे म्हणून ते त्याच्या ताब्यात होतं कशावरून? ते सगळ्या गावाचं असेल आणि हा त्याचा राखणदार असेल. किंवा तो पुजारी असेल. आक्षेप बिनतोड आहे. पण घर मध्यावर, आकाराने मोठं, कोठाराला लागून, दफनाची रीत इतरांपेक्षा निराळी अशा वेगवेगळ्या चार गोष्टी एकाच जागी येतात तेव्हा ‘या घराला गावात वेगळा मान होता’ हे माझ्या मते पक्कं धरायला हरकत नाही. ‘पाटील’ हा शब्द मात्र आपण आजच्या गावातून तिथे नेलेला आहे.

तसंच पाण्याचं. वस्तीच्या कडेला खोल खणलेला मोठा पाट आणि त्याला लागून दगड-मातीचा बांध मिळाला. पुराचं पाणी वळवून शेताला द्यायची ही सोय होती, असं मानलं जातं. एक घर असला पाट खणू शकत नाही. हुकूम कोणाचा होता ते राहू द्या, निदान कामाला सगळं गाव एकत्र येत होतं.

गाव उठलं का?

इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती मोडली. ढवळीकरांचं म्हणणं असं की इ.स.पू. १००० च्या आसपास पाऊसमान घटलं. गहू मागे पडला, कमी पाण्यावर येणारा जव उरला, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढली, घरं लहान झाली. शेवटी लोक शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरते झाले.

घोड नदीचा तो पट्टा आजही अवर्षणाचा असल्याने हे आपल्याला चटकन पटतं, आणि तिथेच सावध व्हायला हवं. नंतर लहान मुलांच्या सांगाड्यांचा बारकाईने अभ्यास झाला. त्यात उत्तर जोर्वे काळातल्या मुलांची वाढ आधीच्यांपेक्षा खुंटलेली दिसली. म्हणजे हाल झाले हे नक्की. पण हाल फक्त पावसाने केले, की त्याच त्या जमिनीवर शतकानुशतकं वाढलेल्या भाराने, यावर अभ्यासकांत एकमत नाही. दुष्काळ एकटा गाव उठवत नाही, हे शिरूरच्या शेतकऱ्याला अभ्यासकांनी सांगायची गरज नाही.

ते लोक आपले पूर्वज का?

आणि ते कोणती भाषा बोलत? आर्य होते, द्रविड होते, की आणखी कोणी? व्याख्यानानंतर हमखास येणारे हे प्रश्न. लिहिलेलं एक अक्षर नाही, म्हणून भाषा कळायला मार्ग नाही. त्या वस्तीला तिथले लोक काय म्हणत, हेही नाही. मडक्याची धाटणी माळव्यातून आली हे नर्मदेकाठच्या नावडातोलीसारख्या जागांशी ताडून सांगता येतं. पण धाटणी लग्नातून येते, बाजारातून येते, नकलेतूनही येते. भांड्यावरून वंश काढणं हा जुना आणि वाईट छंद आहे. पेव, कणगी, कूड, शेणामातीची जमीन या गोष्टी दख्खनच्या खेड्यात कालपरवापर्यंत होत्या, एवढं निर्धास्तपणे म्हणता येतं.

आपल्याच शेतात असं काही निघालं तर?

बहुतेकांची खरी भीती इथे असते: ‘कळवलं तर जमीन जाईल.’ खापरं निघाली म्हणून जमीन कोणी घेत नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित करायची तर १९५८ च्या कायद्यानुसार सरकारला आधी तसा इरादा जाहीर करावा लागतो आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. संरक्षित झाल्यावर मात्र आसपासच्या बांधकामावर बंधनं येतात, ते लपवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते, न कळवणं हा गुन्हा आहे.

आणि वस्तू जागची हलवू नये, धुऊ तर मुळीच नये. हलवल्याने काय होतं ते बघायला प्रवरेकाठच्या दायमाबादला जावं. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैल जोडलेला आणि माणूस हाकत असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्या काळातलं भारतातलं असं दुसरं घबाड शोधून सापडायचं नाही. पुढे तिथे रीतसर उत्खननही झालं. पण त्या चार वस्तू कोणत्या थरात होत्या हे काढतानाच नोंदवलं गेलं नव्हतं. त्या हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या, असं बहुतेक मानतात. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण पाहून काहींनी त्यावर शंका घेतली. तो वाद अजून मिटलेला नाही. इनामगावच्या थरातल्या जवाच्या दाण्यावर असा वाद कोणी घातला नाही.